पट्ट्या आणि अस्तर

(दृश्य: पहाटेचे टिळकवाडी. व्हॅक्सिन डेपोच्या झाडीतून चालणाऱ्या स्त्रिया.)

बेळगावच्या पहाटेला दिवाळीनंतर चांगलाच गारठा असतो, तरी टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत उजाडायच्या आधीच चालणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. साडीवर स्वेटर आणि पायांत बूट घातलेल्या आजी, पोलीस भरतीसाठी धावण्याचा सराव करणाऱ्या मुली आणि नोकरीवर जाण्यापूर्वी तासभर स्वतःसाठी काढणाऱ्या बायका इथे एकाच वाटेवरून जातात. या शहराला तालमींची आणि शरीरसौष्ठव स्पर्धांची जुनी ओढ आहे. मात्र पिळदार पोट ही गोष्ट इथे पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांच्याच खात्यावर जमा होती. आता व्यायामशाळांमध्ये स्त्रियाही येतात. प्रशिक्षक मराठीत समजावतो, बैठका मात्र ओंदू, एरडू, मूरू अशा कानडीत मोजतो, आणि त्या मोजणीला कोणी अडखळत नाही. अशाच एखाद्या सकाळी एखादी तरुणी पोटावर पिळदार पट्ट्या दिसणाऱ्या स्त्रीचे मोबाइलवरचे छायाचित्र पुढे करते आणि विचारते, "सर, असे पोट किती दिवसांत दिसेल?"

या प्रश्नातला महत्त्वाचा शब्द 'दिसेल' हा आहे.

(दृश्य: पोटाच्या स्नायूंची रेखाकृती.)

छायाचित्रातल्या त्या पट्ट्या म्हणजे मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना असलेल्या उभ्या स्नायूंची एकच जोडी होय. ती छातीच्या खालच्या बरगड्यांपासून ओटीपोटाच्या पुढच्या हाडापर्यंत उतरते. दोन्ही स्नायूंच्या मधून पांढऱ्या, चिवट तंतूंची एक उभी शीर जाते आणि प्रत्येक स्नायूला सामान्यतः तीन ठिकाणी तशाच तंतूंच्या आडव्या गाठी छेदतात. या गाठींमुळे स्नायूचे जे फुगीर चौकोन पडतात, त्यांनाच लोक 'पॅक' म्हणतात. गाठी किती, त्या समोरासमोर आहेत की तिरक्या, हे जन्मतःच ठरलेले असते. त्यामुळे एखाद्या स्त्रीच्या पोटावर कितीही मेहनतीनंतर चारच चौकोन उमटतात आणि दुसरीच्या पोटावर सहा. चाराचे सहा करून देण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर त्याला शरीररचनाशास्त्राचा आधार नाही.

हा स्नायू प्रत्येक स्त्रीच्या पोटात असतो आणि तो रोज राबतही असतो. खानापूरच्या भातखाचरांत चिखलात वाकून रोप लावणारी, डोक्यावर गवताचा भारा घेऊन बांधावरून तोल सांभाळत येणारी बाई पाहावी. भारा उचलताना ती क्षणभर श्वास रोखते आणि पोट आवळते. त्या क्षणी पोटाच्या भिंतीतले सगळे थर, म्हणजे पुढचा हा उभा स्नायू, बाजूंचे तिरके स्नायू आणि सर्वांत आत पट्ट्यासारखा वेढलेला आडवा स्नायू, एकत्र ताणले जाऊन पाठीच्या कण्याला आधार देतात. तिच्या पोटावर एकही पट्टी दिसत नाही, कारण स्नायू आणि त्वचा यांच्यामध्ये चरबीचा थर असतो. शिंप्याच्या भाषेत सांगायचे, तर कापड (स्नायू) आणि अस्तर (चरबी) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि 'असे पोट दिसेल का' हा प्रश्न बहुतांशी अस्तराच्या जाडीचा आहे.

(दृश्य: व्यायामशाळेतील भिंतीवरचा तक्ता.)

हे अस्तर स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा जाड असते, आणि त्याचे कारण आळस किंवा खादाडपणा नाही. अमेरिकेच्या नौदलातील वैद्य आल्बर्ट बेनके यांनी तुलनेसाठी जे आदर्श पुरुष आणि स्त्री कल्पिले, त्यांत पुरुषाच्या वजनाचा १५ टक्के भाग चरबीचा धरला होता आणि स्त्रीच्या वजनाचा २७ टक्के. त्यातही जिच्यावाचून शरीराचे व्यवहार चालत नाहीत, अशी अत्यावश्यक चरबी पुरुषात सुमारे ३ टक्के, तर स्त्रीत सुमारे १२ टक्के मानली गेली. म्हणजे जिथे पुरुषाच्या पोटावर पट्ट्या अगदी कोरल्यासारख्या उठून दिसतात, त्या दहा-बारा टक्क्यांच्या पातळीवर स्त्रीचे शरीर आपल्या मूळ भांडवलालाच हात घालत असते. प्रशिक्षकांच्या अनुभवाचा ठोकताळा असा आहे, की बहुतेक स्त्रियांच्या पोटावरच्या रेषा सुमारे १६ ते २० टक्के चरबीच्या दरम्यान स्पष्ट होतात आणि २२ टक्क्यांच्या आसपास काहींच्या पोटावर वरचे दोन चौकोन व बाजूची पन्हळ पुसटशी जाणवते. प्रचलित वर्गीकरणात १४ ते २० टक्के ही खेळाडू स्त्रियांची, २१ ते २४ टक्के ही नियमित व्यायाम करणाऱ्यांची आणि २५ ते ३१ टक्के ही सर्वसाधारण स्त्रीची पातळी मानतात.

हा आकडा कोणालाही हमी देत नाही. दोघी बहिणी २० टक्क्यांवर असल्या, तरी एकीची चरबी कमरेखाली आणि मांड्यांवर साठलेली असते, तर दुसरीची नाभीच्या खाली. पहिलीचे पोट रेषा दाखवते आणि दुसरीचे दाखवत नाही. तरुण वयात स्त्रीसंप्रेरकांच्या प्रभावामुळे चरबी मुख्यतः नितंब व मांड्यांकडे जाते, रजोनिवृत्तीनंतर तिचा ओघ पोटाकडे वळतो, आणि प्रत्येक घराण्याची आपली एक ठेवण असतेच. स्नायू जाड असेल तर तो थोड्या जाड अस्तरातूनही उठून दिसतो. म्हणून वजन उचलण्याचा व्यायाम करणारी स्त्री केवळ उपाशी राहणारीच्या आधी रेषा पाहते.

(दृश्य: उसाचा फड. कोयता चालवणारे हात.)

पोटाचे व्यायाम केले की पोटाचीच चरबी जळते, हा समज मात्र काही केल्या हटत नाही. १९७१ मध्ये टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजून पाहण्यात आले. खेळणाऱ्या हाताचा घेर मोठा होता, पण त्वचेखालची चरबी दोन्ही हातांवर सारखीच होती. आपल्या जिल्ह्यात हे समजायला टेनिसची गरज नाही. उसाच्या फडात हंगामभर एकाच हाताने कोयता चालवणारीचा तो हात पिळदार होतो. तेवढ्याने त्याच हातावरची चरबी दुसऱ्या हातापेक्षा अधिक वितळते असे नाही. शरीर आपली चरबी सगळ्या अंगावरून, स्वतःच्या क्रमाने काढते. त्या क्रमात पोटाचा नंबर कधी लागेल हे आपल्या हाती नसते, हे सिट-अप्स, म्हणजे उताणे पडून धड उचलण्याचे व्यायाम, करणाऱ्यांचे दुर्दैव म्हणावे लागेल.

आता हिशोब. ६० किलो वजनाच्या आणि २८ टक्के चरबी असलेल्या स्त्रीच्या अंगावर सुमारे १७ किलो चरबी असते आणि उरलेले ४३ किलो म्हणजे हाडे, स्नायू, पाणी व इंद्रिये. स्नायूंना धक्का न लावता १९ टक्क्यांवर यायचे, तर तिचे वजन ५३ किलोंच्या आसपास आले पाहिजे, म्हणजेच जवळजवळ ७ किलो चरबी गेली पाहिजे. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी धरल्या आणि रोज ३०० कॅलरींची तूट ठेवली, तर या कामाला सहा महिने लागतात. सहा महिन्यांत सण येतात, जत्रा येतात, कुंदा आणि गोकाकचा करदंट ही मिठाई येते. शेंगदाण्याची चटणी तर रोजचीच. शेंगदाणे प्रथिनांसाठी उत्तम, शंभर ग्रॅममध्ये सुमारे २५ ग्रॅम. पण त्याच शंभर ग्रॅममध्ये साडेपाचशेहून अधिक कॅलरीही असतात. म्हणून भाकरीवर चटणीचा गोळा ठेवताना हात थोडा आखडावा लागतो. चटणी सोडावी असे कोणी म्हणत नाही, आणि म्हटले तरी इथे ते कोणी ऐकणार नाही.

(दृश्य: धावपट्टीवर एकटी धावणारी मुलगी.)

खरी अडचण ही तूट वाढत गेली की सुरू होते. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. १९९४ मध्ये त्याचा शोध लागला आणि चरबी ही केवळ अडगळीची कोठी नसून मेंदूशी सतत बोलणारी यंत्रणा आहे, हे स्पष्ट झाले. चरबी घटली आणि अन्नही कमी पडले, की लेप्टिन उतरते, आणि मेंदूतला जो भाग अंडाशयाला ठरावीक लयीत संदेश पाठवतो त्याची लय मंदावते. पाळी आधी लांबते, मग हलकी होते, मग थांबते. १९७४ मध्ये संशोधक रोझ फ्रिश यांनी असे मांडले होते, की पाळी सुरू होण्यासाठी सुमारे १७ टक्के आणि ती नियमित राहण्यासाठी सुमारे २२ टक्के चरबी लागते. ही सीमारेषा पुढे टिकली नाही. १८ टक्क्यांवर नियमित पाळी असणाऱ्या खेळाडू आहेत आणि २४ टक्क्यांवर पाळी गेलेल्याही आहेत. नंतरच्या प्रयोगांतून दिसले, की अंगावर चरबी किती आहे यापेक्षा व्यायामाचा खर्च वजा जाता शरीराच्या हाती रोज किती ऊर्जा उरते, हे अधिक निर्णायक आहे. चरबीविरहित वजनाच्या प्रत्येक किलोमागे ही शिल्लक ३० कॅलरींच्या खाली गेली, तर अवघ्या पाच दिवसांत संप्रेरकांची लय बिघडू लागते. वरच्या उदाहरणातल्या स्त्रीसाठी ही शिल्लक सुमारे १,३०० कॅलरी होते. म्हणजे व्यायामात ४०० कॅलरी खर्च होत असतील, तर तिच्या ताटात किमान १,७०० कॅलरी हव्यात. उपवास धरून दोन वेळा घाम गाळणारीला हा आकडा सांगितला, तर ती चकित होते.

पाळीबरोबर इस्ट्रोजेन जाते आणि इस्ट्रोजेनबरोबर हाडांची घनता. विशी-तिशीत हाडांची जी ठेव जमायला हवी ती जमत नाही, नडगीला आणि पावलाला सूक्ष्म तडे जातात, सर्दी-ताप वारंवार येतो, झोप उडते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या सगळ्याला खेळातील सापेक्ष ऊर्जान्यूनता असे व्यापक नाव दिले. आपल्या भागात तिचे निदान उशिरा होते, आणि त्याचे कारण वैद्यकीय नाही. धावणाऱ्या मुलीचा प्रशिक्षक पुरुष असतो, त्याच्याशी पाळीविषयी बोलायचे नाही हे तिला घरूनच शिकवलेले असते, आणि आईला सांगावे तर लग्न न झालेल्या मुलीची पाळी चुकली या वाक्याने घरात भलताच संशय उभा राहतो. म्हणून ती गप्प बसते. काही जणी तर कटकट गेली म्हणून सुटकेचा निःश्वासही सोडतात. तीन महिने पाळी आली नाही, तर डॉक्टरांकडे जावे, हे व्यायामशाळेच्या भिंतीवर आहाराच्या तक्त्याशेजारीच लिहिलेले असावे, असे आमचे मत आहे.

स्पर्धेच्या मंचावर दिसणारी पोटे यापुढची पायरी आहेत. फिनलंडमध्ये फिटनेस स्पर्धांसाठी तयारी करणाऱ्या २७ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे चार महिन्यांच्या आहारात त्यांची चरबी साधारण २३ टक्क्यांवरून १३ टक्क्यांच्या आसपास आली. त्यानंतर तीन-चार महिन्यांत वजन आणि बहुतेक संप्रेरके पूर्वपदावर आली, तरी थायरॉइडचे एक संप्रेरक आणि टेस्टोस्टेरॉन अजून खालीच होते. त्या पोटाचे छायाचित्र एका दिवसाचे असते, त्यावर रंग आणि दिव्यांचा प्रकाशही असतो.

(दृश्य: वजनकाट्यासारख्या यंत्रावर उभी राहिलेली स्त्री.)

चरबी मोजणाऱ्या यंत्राविषयी थोडेसे. व्यायामशाळेतले यंत्र तळपायांतून अगदी सौम्य वीज सोडते आणि तिला होणाऱ्या विरोधावरून अंदाज बांधते. त्यामुळे तहानलेल्या शरीराचा आकडा वेगळा, पाणी प्यायल्यानंतरचा वेगळा. एकाच यंत्रावर, एकाच वेळी, उपाशीपोटी मोजून महिन्यांचा कल पाहावा, एवढाच त्याचा उपयोग.

नुसते वजन तर त्याहून फसवे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचेही उंचीच्या तुलनेतले वजन तंतोतंत सारखे, बीएमआय निर्देशांक २२.३, पण युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी होती आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. दोघांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. हाडापेराने बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी लपून बसते, ती अशी. हातपाय काड्या आणि पोट तेवढे पुढे, ही ठेवण आपल्या घरोघरी ओळखीची आहे.

(दृश्य: बाळंतिणीची खोली. खाटेवर घडी घातलेले सुती कापड.)

बाळंतपणानंतर पोट सुटले असे म्हणतात, तेव्हा दर वेळी दोष चरबीचा नसतो. गरोदरपणाच्या अखेरीस जवळजवळ प्रत्येक स्त्रीच्या पोटातली ती मधली पांढरी शीर ताणून रुंद होते आणि उभ्या स्नायूंची जोडी एकमेकींपासून दूर सरकते. पुढच्या महिन्यांत बहुतेकींमध्ये अंतर कमी होते, काहींमध्ये ते राहून जाते. उताणे पडून डोके किंचित उचलावे आणि नाभीजवळ बोटे आडवी टेकवावीत. दोनाहून अधिक बोटे आत मावली, तर फिजिओथेरपिस्टला दाखवावे. आपल्याकडे आजी सुती कापडाने पोट बांधते. त्याने आधार वाटतो, उठणे-बसणे सोपे होते. पण शीर पुन्हा घट्ट होण्यासाठी आतल्या आडव्या स्नायूला हळूहळू कामाला लावावे लागते. अशा अवस्थेत पट्ट्यांच्या घाईने दणादण सिट-अप्स काढल्या, तर पोट मध्यभागी उंचवट्यासारखे वर येते. तो उंचवटा दिसला की तो व्यायाम तिथेच थांबवायचा.

(दृश्य: पुन्हा व्हॅक्सिन डेपो. ऊन वर आले आहे.)

त्या साडी-स्वेटरातल्या आजींना पट्ट्यांशी कर्तव्य नाही, पण त्यांच्यासाठीही एक आकडा आहे. त्वचेखालचे अस्तर फारसे उपद्रवी नसते. मधुमेह आणि हृदयविकाराशी अधिक निकटचे नाते आहे ते आतड्यांभोवती आणि यकृतात साठणाऱ्या चरबीचे, आणि तिचा अंदाज शिवणाच्या टेपनेही येतो. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्यावर टेप आडवी धरावी, श्वास सहज सोडून द्यावा आणि पोट आत न ओढता आकडा वाचावा. भारतीय स्त्रीसाठी तो ८० सेंटिमीटरच्या आत असावा. टेप परकराच्या नाडीवरून धरायची नाही, कारण नाडी बहुतेकींची त्या जागेच्या बरीच खाली असते.