वहीच्या कातरणातून मखर

सांगलीची गणपती पेठ. श्रावण निम्मा सरला की इथल्या एका अरुंद दुकानापुढं माणसं हातात सुतळी घेऊन उभी राहतात. सुतळीला दोन गाठी. एका गाठीपासून दुसरीपर्यंत घरच्या कोनाड्याची रुंदी. टेप घेऊन येणारे कमीच.

आज या दुकानात मखरं, तोरणं, आकाशकंदील मिळतात. पण हे दुकान मुळात सजावटीचं नव्हतंच. इथं वह्या बांधल्या जायच्या.

सांगली म्हणजे हळदीची पेठ. अडत दुकानं भरपूर, आणि प्रत्येकाला किर्द-खतावणी, म्हणजे हिशेबाच्या वह्या, लागायच्याच. दिवाळी पाडव्याला वहीपूजन, म्हणून बाइंडरची खरी धावपळ दसऱ्याच्या आगेमागे. पावसाळ्यात हात रिकामे, आणि कोपऱ्यात पुठ्ठ्याच्या कातरणांचा ढीग. या घरातल्या आजोबांना पेठेत सगळे अण्णा म्हणायचे. अण्णांनी एका वर्षी त्या कातरणांतून घरच्या गणपतीला मखर केलं. कलेची ओढ वगैरे काही नव्हती. सुताराकडून करून घ्यायला पैसे नव्हते, एवढंच.

ते मखर कसं होतं, हे जरा नीट बघूया. तीन फळ्या, वर कमान. दोन फळ्यांच्या जोडावर कापडाची पट्टी, खळीनं चिकटवलेली. खळ मैद्याची, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. दर्शनी बाजूला सोनेरी कागद आणि कडेनं चोपडीला लावतात ते लाल जाडं कापड, खारवा. सांगलीत संस्थानचा गणपती पाचव्या दिवशी जातो, अण्णांच्या घरचाही त्याच दिवशी. विसर्जन करून आले की मखर वहीसारखं मिटायचं आणि कपाटामागं सरकायचं.

ते मिटताना एका अडत्यानं पाहिलं. “अण्णा, पुढल्या साली आमच्या गणपतीला पण असलंच एक करून द्या की ओ!” धंद्याची पहिली ऑर्डर ती हीच.

आता घडीचं मखर टिकणारं. एकदा घेतलं की गिऱ्हाईक परत कशाला येईल? इथं आजी पुढं झाल्या. जुनं मखर घेऊन या, वरचा कागद खरवडून नवा लावून देते, असं त्या गिऱ्हाइकाला सांगायच्या. झिरमिळ्या, कागदी फुलं वरून. मखर विकून मिळायचं त्याहून जास्त ते दरवर्षी नवं करून देण्यात सुटायचं. अण्णा एकटे असते तर नुसता पुठ्ठाच कापत बसले असते, असं आम्हाला तरी वाटतं. गौरी-गणपती झाले की तोच कागद दिवाळीच्या आकाशकंदिलाला.

मुलांच्या हाती दुकान आलं आणि थर्माकोल आला. तापलेल्या तारेनं जाळी, मोर, कमळ झटपट निघायचं, धूर मात्र डोळ्यांत जायचा. हलका, देखणा, आणि वर्षभरात मोडणारा. पैसा थर्माकोलनंच दिला, हे घरचे लपवत नाहीत. २०१८ मध्ये राज्य सरकारनं प्लॅस्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी आणली. माळ्यावरचे पुठ्ठ्याचे जुने नमुने खाली उतरले.

आणि पुढच्याच वर्षी कृष्णा पेठेत शिरली. ऑगस्ट २०१९. नदीवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ फुटांवर. चतुर्थी २ सप्टेंबरला. भिजलेला थर्माकोल धुऊन वाळवता येतो, पुठ्ठ्याचा लगदा होतो. तयार माल सगळा गेला.

घरातल्या बायकांनी मग बांबूच्या कामट्या वाकवून त्यांवर जुन्या साड्यांचे काठ लावले. सुबक म्हणता येणार नाहीत अशी मखरं. पण चिखल काढून, भिंती धुऊन ज्यांनी त्या वर्षी गणपती बसवला, त्यांना ती पुरली. कितीतरी जणांकडून पैसेच घेतले नाहीत. हे धाकट्या सूनबाईंनी सांगितलं. थोरल्यांनी लगेच विषय बदलला.

आता पावसाळ्यात पुठ्ठा खाली राहत नाही. आयर्विनला पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडं निघालं की माल माळ्यावर. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा दुकानात पाणी होतं आणि मखरं कोरडी. भिजले ते लाइटच्या माळांचे खोके. ते वर न्यायचं काम कुणाचं होतं, यावरून दोघा भावांत अजून वाजतं.