पाणी किती वाजता किती?

(दृश्य: हर्णै बंदर, ओहोटीची वेळ. किनाऱ्याला टेकलेल्या होड्या.)

सकाळचे नऊ वाजलेत, पाणी किती? या प्रश्नाला उत्तर एकच. एका जागी, एका क्षणी पाण्याच्या दोन उंच्या असू शकत नाहीत. आता प्रश्न उलटा करू. पाणी दीड मीटर आहे, तर वाजले किती? याची दिवसात चार उत्तरं निघतात: दोनदा पाणी चढताना, दोनदा उतरताना. पहिल्या संबंधाला गणितात फल म्हणतात. दुसरा संबंध आहे, पण फल नाही.

अटी दोनच. ज्या संचातून आपण किंमती घेतो त्या प्रांतातल्या प्रत्येक घटकाला उत्तर हवं, आणि ते एकच हवं. दोन वेगळ्या घटकांचं उत्तर सारखं आलं तर हरकत नाही. उत्तरं ज्या संचात शोधायची तो सहप्रांत, आणि खरोखर मिळालेल्या उत्तरांचा संच म्हणजे विस्तार. विद्यार्थी या शेवटच्या दोघांत हमखास गोंधळतात.

सूत्र असलंच पाहिजे असंही नाही. १७४८ साली गणिती ऑयलरने फलाची व्याख्या सूत्राच्या भाषेत केली होती. १८३७ मध्ये डिरिश्लेने ती अट सोडली. क्ष च्या प्रत्येक किंमतीला य ची एक ठरलेली किंमत असली की पुरे. त्यामुळे भरती-ओहोटीचं छापील कोष्टकसुद्धा फलच. आलेख समोर असेल तर त्यावर उभी रेघ फिरवा. ती कुठेही आलेखाला दोन जागी छेदत असेल, तर तो फलाचा आलेख नव्हे.

(दृश्य: एसटीच्या खिडकीतून दापोली रस्ता.)

एसटीचं भाडं टप्प्यावर ठरतं आणि एक टप्पा ६ किलोमीटरचा. १३ किलोमीटरला ३ टप्पे, १८ लाही ३, पण १८ च्या पुढे गेलात की ४. आलेख पायऱ्यांसारखा येतो, म्हणून हे पायरी फल. इथली नेहमीची चूक टोकाच्या बिंदूची: १८ वर खालची पायरी की वरची, हे आलेखात भरीव आणि पोकळ टिंबाने दाखवावंच लागतं. दोन्ही टिंबं भरीव काढली की १८ ला दोन उत्तरं होतात आणि फल मोडतं.

(दृश्य: भिंतीवरचं पंचांग, तिथीवर बोट.)

किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक असलेला हिशेब: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, एकादशीला सव्वाआठ. य = ०.७५ × क्ष. हे रेषीय फल. आलेख सरळ रेघ, चढ पाऊण. दिवसात भरत्या दोन येतात, मग हे फल कसं? घड्याळाची तबकडी बारा तासांची आणि दोन भरत्यांमधलं अंतर सुमारे १२ तास २५ मिनिटं, म्हणून दोन्ही वेळा तबकडीवर जवळजवळ एकाच जागी पडतात. आपण ठोकळ उत्तर मागतोय, तेवढ्यापुरतं ते एक धरता येतं.

पण पंधरवड्याच्या सांध्यावर हिशेब अडखळतो. पौर्णिमेला १५ × ०.७५ म्हणजे सव्वाअकरा, आणि लगेच पुढच्या प्रतिपदेला पाऊण वाजता. एका तिथीत एकदम दीड तास! कारण चढात आहे. ३० तिथींच्या एका चांद्रमासात भरतीची वेळ पूर्ण २४ तास पुढे सरकते, म्हणजे तिथीमागे सरासरी ४८ मिनिटं. आपण ४५ धरतो. पंधरा तिथींत तीन-तीन मिनिटं साचून ४५ मिनिटं कमी पडतात. चढ ०.८ घेतला तर पौर्णिमेला बरोबर १२ येतात आणि सांधा जुळतो. तरीही पाऊणपट टिकली आहे, कारण ती तोंडी करता येते.

शिवाय ही वेळ मुंबईच्या आसपासची. भरती पश्चिम किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, तेव्हा मालवण-वेंगुर्ल्याकडे ती आधी येते. सूत्रात मग बंदरागणिक वेगळा स्थिरांक घालावा लागतो: य = ०.८ × क्ष + क. चढ तोच, रेघ फक्त खाली सरकलेली.

(दृश्य: खाडीचं तोंड, आत शिरणारी बोट.)

खरी फसगत होते ती पाण्याच्या उंचीला रेषीय मानलं की. समजा ६ वाजता ओहोटी, उंची ०.६ मीटर, १२ वाजता भरती, ३ मीटर. (खरं अंतर सहा तासांहून थोडं जास्त असतं, हिशेब सोपा राहावा म्हणून सहा.) फरक २.४ मीटर, म्हणून तासाला ४० सेंटीमीटर, असं कुणी धरलं तर? खाडीच्या तोंडावरच्या गाळावरून जायला बोटीला १.२ मीटरची पातळी हवी असेल, तर या हिशेबाने साडेसात वाजता रस्ता मोकळा. प्रत्यक्षात साडेसातला पातळी साधारण ०.९५ मीटर असते. बोट पाव मीटरने टेकणार.

कारण पाणी ओहोटीच्या आणि भरतीच्या टोकाला हळू आणि मध्ये वेगाने चढतं. हे त्रिकोणमितीय फल: य = १.८ − १.२ × कोसाइन (३०° × क्ष), क्ष म्हणजे ओहोटीनंतरचे तास. १.८ ही मधली पातळी, १.२ हा तिच्या वर-खालचा झोका. तोंडी करायचं तर बारांशाचा नियम आहे: एकूण फरकाचे बारा भाग, आणि सहा तासांत पाणी अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ भाग चढतं. दोन तासांनी तीन भाग, म्हणजे ०.६ मीटर; पातळी १.२. सूत्रही तेच सांगतं: ८ वाजता.

एका कोसाइनने मात्र सगळे दिवस सारखेच येतील. चंद्राची लाट १२ तास २५ मिनिटांची, सूर्याची १२ तासांची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास त्या एकमेकींना मिळतात तेव्हा उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी; आठवड्याने विरुद्ध पडतात तेव्हा भांग, म्हणजे लहान. अशा अनेक फलांची बेरीज करणारं यंत्र विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८७२ च्या सुमारास पुली आणि दोरी वापरून बांधलं.

(दृश्य: जांभ्याचा गडगा, पलीकडे कलमांची बाग.)

बागेकडे येऊ. २०० मीटर गडगा घालून आयताकृती जागा बंद करायची. एक बाजू क्ष, तर क्षेत्रफळ क्ष × (१०० − क्ष). हे वर्ग फल, आलेख उलटा पॅराबोला, शिखर ५० वर: २५०० चौरस मीटर. सूत्रात १२० घातलं तर क्षेत्रफळ उणे येतं; सूत्र बरोबरच आहे, किंमत प्रांताबाहेरची. कलमांतलं अंतर १० मीटर असेल तर हेक्टरी १०० झाडं, ५ केलं तर ४००. अंतर निम्मं, झाडं चौपट. हा व्यस्त वर्गाचा संबंध.

(दृश्य: पुन्हा खाडी, पाटीवर कोसाइनचा आलेख.)

आता सुरुवातीचा उलटा प्रश्न सोडवता येतो. वेगळ्या किंमतींना नेहमी वेगळीच उत्तरं देणारं फल एकास-एक, आणि विस्तार सहप्रांताइतकाच असेल तर आच्छादक. दोन्ही असेल तरच व्यस्त फल, म्हणजे उत्तरावरून मूळ किंमत सांगणारं फल, मिळतं. दिवसभराचं पाणी एकास-एक नाही. पण प्रांत फक्त ६ ते १२ एवढाच घेतला, तर पाणी चढतच जातं आणि प्रत्येक उंची एकदाच येते. सहप्रांतही ०.६ ते ३ ठेवू. मग क्ष = व्यस्त कोसाइन ((१.८ − य) ÷ १.२) ÷ ३०°. य २.४ ठेवा: व्यस्त कोसाइन (−०.५) म्हणजे १२०°, भागिले ३०°, ४ तास, म्हणजे १० वाजता. य ३.२ ठेवा: कंसात −१.१७ येतं आणि कॅल्क्युलेटर चूक दाखवतो. चूक त्याची नाही. ३.२ विस्तारात नाही. त्या दिवशी पाणी तिथवर चढतच नाही.