एका बॅटमॅनचे किती वाटेकरी?

(दृश्य : नाशिक, मेन रोड. संध्याकाळ. खेळण्यांच्या दुकानाची फळी.)

एकाच फळीवर दोन बॅटमॅन उभे आहेत. एक सात इंची, दुसरा चार. छातीवरचं वटवाघूळ तेच. पण खोकी उलटून पाहा : सात इंचीवर मॅकफार्लेन टॉइज, चार इंचीवर स्पिन मास्टर. यातला नकली एकही नाही.

द्राक्षबागांच्या या जिल्ह्यात हा हिशोब चटकन कळावा. जमीन एकाची, कसणारा दुसरा. बॅटमॅनची जमीन डीसी या कॉमिक्स कंपनीची, म्हणजे तिच्या मालकाची, वॉर्नर ब्रदर्सची. खेळणीवाले ती ठरावीक वर्षांसाठी कसायला घेतात. विक्रीतला ठरलेला टक्का मालकाला जातो, ती रॉयल्टी. आपली बटाईच म्हणा. वर किमान रकमेची हमी लिहून द्यावी लागते. सिनेमा पडला, माल पडून राहिला, तरी तेवढे पैसे मोजायचे. हा झाला खंड.

आता बांध कुठे पडतो ते बघा. तो इंचांवर पडतो! आधी डीसीची ही बाहुली मॅटेल काढायची. २०२० साली रान वाटलं गेलं. चार आणि बारा इंची स्पिन मास्टरला, सात इंची मॅकफार्लेनला. मग हाँगकाँगची हॉट टॉइज साधारण बाराच इंचांचा बॅटमॅन कसा काढते? तिनं बांध कोरलेला नाही. स्पिन मास्टरचा बॅटमॅन पोरं अंगणात आपटणार. हॉट टॉइजचा मोठी माणसं हजारो रुपये मोजून काचेच्या कपाटात ठेवणार. गिऱ्हाईक वेगळं, म्हणून गट वेगळा. कोणत्या देशात विकायचं, हेही करारातच ठरतं. आणि सिनेमातल्या नटाचा हुबेहूब चेहरा हवा असेल, तर त्याची संमती निराळी. सातबाऱ्यावरचे 'इतर हक्क' म्हणतात ना, तसं.

मुदत संपली की कसणारा बदलतो. मार्व्हलच्या सुपरहिरोंच्या बाहुल्यांची 'मार्व्हल लिजेंड्स' ही मालिका २००२ मध्ये टॉय बिझ कंपनीनं सुरू केली. २००७ पासून हॅस्ब्रो काढते. पाटी तीच राहिली.

नव्वदीत इथल्या मुलांच्या हाती आलेला खेळण्यातला सैनिक जी. आय. जो हॅस्ब्रोचा, पण भारतात तो बनवला फनस्कूलनं. एमआरएफ आणि हॅस्ब्रोनं मिळून काढलेली ही कंपनी. तिचे काही सैनिक मूळ रंगांपेक्षा वेगळ्या रंगांत निघाले. आज परदेशातले संग्राहक तेच शोधत फिरतात, याचा मला मनापासून आनंद होतो.

(दृश्य : अंबड एमआयडीसी. मोल्डिंगची शेड.)

इथला डायमेकर, म्हणजे साचे घडवणारा कारागीर, पोलादात केसाएवढी रेघ कोरतो. बॅटमॅनच्या मुखवट्याची डाय त्याच्या हाताला जड नाही. साचा आहे, मशीन आहे, प्लास्टिकचा दाणा आहे. नाही तो फक्त करार. आज त्याच्या मशीनवर स्विचच्या कव्हरची डाय चढली आहे.