मेल्बा लिस्टन: ट्रोम्बोन आणि कागद

(वडोदऱ्यातील मराठी मंडळाच्या मेळाव्यात केलेले भाषण, संपादित)

मंडळी, नमस्कार. सयाजीरावांच्या गायनशाळेत मौलाबक्षांनी गाणं कागदावर उतरवायला शिकवलं. त्याच वडोदऱ्यात आज जॅझ संगीतातल्या ट्रोम्बोनवादक मेल्बा लिस्टन यांच्याविषयी बोलायचं आहे. या बाईंनी जन्मभर दुसऱ्यांसाठी स्वर लिहिले. जन्म १९२६, अमेरिकेतलं कॅन्सस सिटी.

सातव्या वर्षी त्यांच्या हाती ट्रोम्बोन आला. या पितळी वाद्याला पडदे नाहीत. सरकत्या नळीवर सात जागा, त्याही खुणेविना. प्रत्येक जागेला स्वर अर्ध्या सुरानं उतरतो आणि खाली जावं तसं दोन जागांमधलं अंतर वाढतं. सातव्या जागेपर्यंत लहान मुलाचा हात सहसा पोचतच नाही. मींड छान येते, पण तार षड्जावरून निघालात तर एका ओढीत तीव्र मध्यमापर्यंतच. तिथं नळी संपते. जिथं मींड नको तिथं जिभेनं हलकासा 'द' लावावा लागतो, नाहीतर दोन स्वरांमध्ये घसरण ऐकू येते.

१९४९ साली गायिका बिली हॉलिडे यांच्याबरोबरचा अमेरिकेच्या दक्षिणेकडचा दौरा फसला. बाईंनी वाद्य बाजूला ठेवलं आणि लॉस एंजेलिसच्या शिक्षण खात्यात काही वर्षं कारकुनी केली. १९५६ मध्ये ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पींनी त्यांना आपल्या वाद्यवृंदात घेतलं. त्या वर्षीच्या परदेश दौऱ्यात हा वृंद कराची-ढाक्यालाही वाजला.

त्यांचं खरं मोठं काम मात्र संयोजनाचं, म्हणजे वृंदात कुणी काय वाजवायचं ते प्रत्येकाच्या कागदावर लिहून देण्याचं. हे काम किती किचकट असतं, ते पेटीवर सांगतो. ट्रम्पेटवाल्याच्या कागदावर 'पांढरी एक' लिहिली तर वाजते 'काळी पाच'. आल्टो सॅक्सोफोनवर तोच स्वर लिहिला तर वाजते 'काळी दोन'. ट्रोम्बोनला मात्र लिहिलं तेच वाजतं. म्हणजे सगळ्यांकडून एकच सूर हवा, तर तीन कागदांवर तीन वेगळे स्वर लिहायचे. त्यात श्वासाच्या जागा सोडायच्या, कारण फुंकून वाजवणारा माणूस सारंगीसारखा अखंड वाजवू शकत नाही. एक स्वर चुकला की तालमीत सगळा वृंद थांबतो. आणि सगळं बरोबर लिहिलं, तर लिहिणारीची आठवण कुणालाच राहत नाही! त्यांच्या स्वतःच्या नावावर एकच तबकडी आहे, १९५८ सालची, ट्रोम्बोनांचीच. पियानोवादक रँडी वेस्टन यांची 'उहुरू आफ्रिका' (१९६०) ही तबकडी बाईंनी संयोजित केली; नाव मात्र वेस्टन यांचंच झालं. मला हे फार लागतं.

पुढे काही वर्षं त्यांनी जमैकात शिकवलं. १९८५ मध्ये पक्षाघात झाला. ट्रोम्बोन सुटला, पण चाकाच्या खुर्चीत बसून त्या संगणकावर संयोजन शिकल्या आणि वेस्टन यांच्यासाठी पुन्हा लिहू लागल्या. १९९९ साली त्या गेल्या.

ऐकायचं असेल तर 'उहुरू आफ्रिका'पासून सुरुवात करा. पहिल्या खेपेला एकट्यानं वाजवणाऱ्याकडे लक्ष देऊ नका. त्याच्या मागे पितळी वाद्यं काय करतात, तेवढंच ऐका.