बाळाच्या फोटोतली पांढरी चमक

नमस्कार श्रोतेहो. आज लहान मुलांमधल्या कर्करोगाच्या सुरुवातीच्या खुणांबद्दल बोलू. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत बाळाच्या डोळ्यातली बाहुली कधी कधी लाल दिसते. ते साधं आहे. पण एकाच बाहुलीत पांढरट किंवा पिवळसर चमक दिसली, तर तो फोटो डिलीट करू नका.

बाळ तिरकं बघत असेल तर निरोगी डोळ्यातही अशी चमक येते. म्हणून पुन्हा काढून बघा: खोलीत मंद उजेड, फ्लॅश चालू, लाल डोळे घालवणारं सेटिंग बंद, अंतर पाच-सहा हात, नजर सरळ कॅमेऱ्यात. चमक परत आली, तर मोतीबिंदू असू शकतो किंवा रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे दृष्टिपटलाचा कर्करोग. हा बहुतेक वेळा 5 वर्षांच्या आतच होतो. त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे जा. थेंब घालून, बाहुली मोठी करूनच डोळा तपासायचा असतो. चष्म्याच्या दुकानातल्या तपासणीचा इथे उपयोग नाही. फोटो चांगला आला तरी डोळा नव्याने तिरळा होत असेल, तर हीच तपासणी हवी. आई-वडील किंवा भावंडाला रेटिनोब्लास्टोमा झाला असेल, तर ही तपासणी जन्मापासूनच.

तेल लावताना, अंघोळ घालताना पोटात गोळा हाताला लागला तर? मूल खेळतंय, दुखत नाही, म्हणून थांबू नका. किडनीच्या कर्करोगाची गाठ बऱ्याचदा अशीच सापडते. ती पुन्हा पुन्हा दाबून पाहू नका, बेंबी सरकली म्हणून पोट चोळून तर मुळीच घेऊ नका. गाठ फुटू शकते. आधी सोनोग्राफी.

आता पायांचं दुखणं. वाढीच्या वयातलं दुखणं साधारण दोन्ही पायांत, संध्याकाळी किंवा रात्री असतं, सकाळी मूल धावत सुटतं. दिवसाही लंगडणारं, चालायला नकार देणारं मूल वेगळं. सोबत ताप, फिकटपणा, न पडता उठलेले काळे-निळे डाग असतील, तर सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि रक्ताची स्लाइड लगेच करा, आणि ती स्टेरॉइड सुरू होण्याआधी. संधिवात समजून स्टेरॉइड दिलं, तर रक्ताच्या कर्करोगातही मूल काही दिवस छान बरं वाटतं. कर्करोगाच्या पेशी तेवढ्यापुरत्या विरघळतात, निदान मात्र लांबतं, पुढचे उपचारही अवघड होतात.

सकाळी उठल्या उठल्या डोकेदुखी आणि उलटी वारंवार होत असेल, तर ॲसिडिटीची औषधं बदलत बसू नका. मेंदूची तपासणी करून घ्या.

डॉक्टरांकडे जाताना तारखांसह फोटो आणि आधीच्या सगळ्या औषधांच्या चिठ्ठ्या न्या, दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांची पाकिटंसुद्धा.