लेपाआधीचं काम : मॉडेल बोटीतला स्पीड कंट्रोलर पाण्यापासून कसा वाचवायचा

मंडळी, रेडिओ कंट्रोल बोट बांधणारा माणूस मोटरचा वेग सांभाळणारा स्पीड कंट्रोलर, म्हणजे आपला ईएससी, हातात घेतला की पहिला प्रश्न विचारतो : यावर कुठला लेप लावू? लेपाचं आपण बोलूच. पण बहुतेक ईएससी लेप कमी पडला म्हणून जळत नाहीत. बोर्ड नीट धुतलेला नसतो, तारांची तोंडं उघडी राहिलेली असतात, नाहीतर लेपाने उष्णता आत कोंडलेली असते.

आधी पाणी नेमकं काय बिघडवतं ते बघू. समोर साधा 60 अँपिअरचा, 3 सेल लायपो बॅटरीवर चालणारा, बिनसेन्सरचा ब्रशलेस ईएससी आहे असं धरा. मोटर फिरताना तिच्या मोकळ्या तारेवर जो उलटा विद्युतदाब तयार होतो, तो मोजून हा कंट्रोलर पुढचा फेज, म्हणजे मोटरच्या तीन तारांपैकी पुढच्या तारांना करंट, कधी द्यायचा ते ठरवतो. हे मोजमाप हजारो ओहमच्या रेझिस्टरांमधून होतं. तिथे खारट पाण्याचा नुसता ओलावा बसला तरी मोजमाप सरकतं, फेज चुकीच्या वेळी मिळतो, करंट एकदम उसळतो आणि मॉसफेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, जातो. म्हणजे जळतो मॉसफेट, पण पाणी शिरलेलं असतं दुसरीकडेच. हळू चालणारं नुकसान वेगळं. बॅटरी जोडलेली असताना ओल राहिली की धन बाजूचं तांबं विरघळायला लागतं, बोर्डावर हिरवा कळंक चढतो आणि बारीक रेघा तुटतात. समुद्राचं पाणी नळाच्या पाण्याच्या साधारण शंभरपट वीजवाहक असतं. त्यामुळे तळ्यात वर्षभर चाललेला ईएससी खाडीत एका दुपारी जाऊ शकतो.

आता सफाई. हीट श्रिंकचं, म्हणजे तापवल्यावर आकसून बसणाऱ्या नळीचं, आवरण लांबीत कापून काढा. ब्लेडचं टोक बोर्डाकडे कधीही नको, कडेने चालवा. बोर्डावर सोल्डरिंगचा फ्लक्स राहिलेला असतो. तो ओलावा धरून ठेवतो, आणि त्याच्यावर बसलेला लेप पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, मऊ टूथब्रशने दोन्ही बाजू घासा, आणि दुसऱ्यांदा ताज्या अल्कोहोलने धुवा. मळलेल्या अल्कोहोलने पुन्हा धुतलं तर मळ फक्त पसरतो. मग 50 ते 60 अंशांवर तासभर वाळवा. कपॅसिटरच्या खाली आणि मोठ्या चिपांच्या पोटात ओल लपते, म्हणून घाई नको.

लेपासाठी घरच्या कामाला ॲक्रिलिक कॉन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे सर्किट बोर्डावर पातळ थरात बसणारा लेप, मला सगळ्यात बरं वाटतं. ब्रशने लागतं, आणि दुरुस्तीच्या वेळी सॉल्व्हंटने निघतं. पहिला हात पातळ द्या. तो सुकला की दुसरा आडवा द्या, म्हणजे पहिल्यात राहिलेली छिद्रं बुजतात. एकूण जाडी 30 ते 130 मायक्रॉन पुरते. जाड थापलं तर आत बुडबुडे अडकतात. यूव्ही प्रकाशात चमकणारं कोटिंग असेल तर अंधारात यूव्ही टॉर्च मारून बघा, चिपांच्या पायांशी काळे डाग दिसले तर तिथे लेप पोचलेला नाही. प्लगच्या पिना, प्रोग्रॅमिंगचं बटण आणि ॲल्युमिनियमच्या प्लेटला टेकणारी मॉसफेटची बाजू लेपाविना ठेवा.

काचेला किंवा ॲक्वेरियमला लावतात ते व्हिनेगरच्या वासाचं सिलिकॉन बोर्डावर अजिबात नको. सुकताना त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि तेच तांबं खातं. सिलिकॉन हवंच असेल तर न्यूट्रल क्युअरचं, म्हणजे सुकताना ॲसिड न सोडणारं, घ्या.

आणि काही जण अख्खा ईएससीच इपॉक्सीत बुडवतात, त्याबद्दल. सलग फुल थ्रॉटलला करंट एका वेळी दोन मॉसफेटगटांतून जातो. दोघांचा मिळून रोध 2 मिलीओहम धरला, तर 50 अँपिअरला 5 वॅट उष्णता झाली. अर्ध्या थ्रॉटलला स्विचिंगची उष्णता वर चढते. साधं इपॉक्सी उष्णता ॲल्युमिनियमच्या जवळपास हजारपट वाईट वाहून नेतं. शिवाय गरम-गार होताना ते बोर्डापेक्षा जास्त फुगतं-आकसतं आणि सोल्डरचे सांधे ओढतं. कपॅसिटरच्या डोक्यावरच्या खाचा दाब सुटण्यासाठी असतात, त्या कडक इपॉक्सीखाली गाडल्या तर तो वाव संपला.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे तारा. जाड सिलिकॉन वायरमध्ये शेकडो बारीक तारा असतात. बिलजमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी पाणी साचतं तिथे, पडलेल्या प्लगच्या तोंडातून पाणी त्यांच्यामधून समईच्या वातीत तेल चढावं तसं चढतं आणि थेट बोर्डावर, लेपाच्या आतल्या बाजूने, उतरतं. म्हणून सोल्डर करताना तारेच्या टोकात सोल्डर पूर्ण मुरू द्या आणि दोन्ही टोकांना आतून गोंद असलेली हीट श्रिंक चढवा. तापवताना कडेने गोंदाची बारीक कडी बाहेर आलेली दिसली पाहिजे, नाहीतर सील झालं नाही. थ्रॉटलच्या तीन तारांच्या प्लगमध्ये डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस भरा. स्विच तर सरळ काढूनच टाका. फक्त कापण्याआधी मल्टिमीटरने पाहा, चालू स्थितीत त्याच्या तारा जोडलेल्या असतात की सुट्या, कारण दोन्ही प्रकार मिळतात.

बोटीत शिरणारं पाणी बऱ्याचदा कूलिंगच्या नळीचंच असतं. पाणी आधी ईएससीतून, मग मोटरच्या जॅकेटमधून न्या, आणि नळीच्या प्रत्येक सांध्यावर वायर पिळा किंवा छोटा झिप टाय लावा. बोट कोरडी असताना 50 मिलीलीटरच्या सिरिंजने नळीत पाणी ढकला, बाहेरचं तोंड बोटाने दाबा आणि सांध्याखाली टिश्यू पेपर धरा. टिश्यूवर डाग उमटला तर तो सांधा पुन्हा करा. ईएससी तळाला चिकटवू नका, दोन सेंटीमीटर उंच बसवा, प्लगची तोंडं खाली झुकलेली ठेवा.

बोट बुडालीच तर आधी बॅटरी काढा, थ्रॉटल हलवून बघू नका. समुद्र असेल तर गोड्या पाण्याने, मग अल्कोहोलने धुवा आणि पूर्ण वाळवा. मोटर सोडवून मल्टिमीटरने तिन्ही फेज तारा बॅटरीच्या लाल आणि काळ्या तारेशी तपासा. कुठेही शून्याच्या जवळ ओहम आले तर मॉसफेट शॉर्ट आहे, बॅटरी लावू नका. सगळं ठीक असेल तर पहिल्यांदा लाल तारेत गाडीच्या इंडिकेटरचा 12 व्होल्ट 21 वॅटचा बल्ब ओळीत जोडून बॅटरी द्या. कपॅसिटर भरताना बल्ब क्षणभर लुकलुकतो आणि विझतो, हे बरोबर. तो पेटलेलाच राहिला तर बॅटरी लगेच काढा. शॉर्ट अजून आत आहे.