वेलांटी नसलेली लिपी आणि तिचे संकेतांक

आपण 'पि' टाइप करतो तेव्हा संगणक दोन संकेतांक साठवतो : 'प'चा ०९२ए आणि ऱ्हस्व वेलांटीचा ०९३एफ (हे क्रमांक षोडशमान पद्धतीत लिहितात, म्हणून त्यात अंकांबरोबर ए ते एफ ही अक्षरंही येतात). कॅनडातल्या क्री आणि इनुक्टिटुट भाषांच्या लिपीत वेलांटीच नाही. तिथे व्यंजनाचा आकार फिरवला की स्वर बदलतो. 'प' म्हणजे एक साधा कोन. टोक वर असलं तर 'पि', उजवीकडे असलं तर क्रीत 'पो' आणि इनुक्टिटुटमध्ये 'पु', डावीकडे असलं तर 'प'. जेम्स इव्हान्स या मिशनऱ्याने १८४० मध्ये नॉर्वे हाउस इथे या लिपीत छपाई सुरू केली. तिच्या रचनेवर लघुलिपीबरोबर देवनागरीचाही प्रभाव आहे, असं अनेक अभ्यासक मानतात. क्री परंपरा मात्र ही लिपी आपल्या पूर्वजांना मिळालेली देणगी मानते.

जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणाच्या ३.० आवृत्तीत, १९९९ मध्ये, या लिपीची ६३० चिन्हं आली. फिरवण्याची क्रिया संकेतांकात नाही. प्रत्येक दिशेला स्वतंत्र क्रमांक आहे. 'पि' १४३१, 'पो' १४३३, 'प' १४३८. त्यामुळे जोडाक्षरं जुळवणारी यंत्रणा लागत नाही, फाँट असला की काम झालं. पण हे तिघं एकाच व्यंजनाचे आहेत, हे संगणकाला ठाऊक नसतं. व्यंजनावरून शोध घ्यायचा तर तक्ता आपणच पुरवायचा.

खरी गफलत दिसायला सारख्या असणाऱ्या चिन्हांची होते. इनुक्टिटुटमधलं 'कि' (घशातून उच्चारायचं) हे एक अक्षर आहे, १५७एफ. ते दिसतं मात्र छोटा 'र्' (१५५०) आणि साधा 'कि' (१४६डी) शेजारी ठेवल्यासारखं. कुणी ही दोन टाइप केली तर कागदावर फरक कळत नाही, शोधात मात्र शब्द सापडत नाही. मराठीत 'र' आणि नुक्ता वेगळे टाइप केले तरी सामान्यीकरणात, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करताना, त्यांचा 'ऱ' होतो; तशी सोय इथे नाही, कारण ही चिन्हं कोणत्या भागांची बनतात (विघटन) हे युनिकोडने दिलेलंच नाही. क्रीतला पूर्णविराम (१६६ई) छोट्या फुलीसारखा असतो, आणि 'ह्क' हे अक्षरही (१५७डी) फुलीच. एक विरामचिन्ह, दुसरं अक्षर. अदलाबदल झाली की वाक्याचा शेवट शब्दाला चिकटतो.

जुन्या फायलींचं दुखणं आपल्याकडच्या श्रीलिपी-शिवाजीच्या फायलींसारखंच आहे. नुनाकॉमसारख्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी ही चिन्हं बसवली होती. 'इनुइत' हा शब्द फाइलमध्ये डब्ल्यू, के, डब्ल्यू, ५ असा पडलेला असतो. अंक शिफ्टवर गेले, म्हणून १९९९ हे साल '!(((' असं दिसतं. सरसकट 'शोधा आणि बदला' चालवलं तर इंग्रजी परिच्छेदही अक्षरलिपीत जातात आणि फोन नंबरातला प्रत्येक ५ 'त्' होतो. म्हणून आधी फाइलमधल्या प्रत्येक तुकड्याचा फाँट वाचायचा आणि फक्त त्या फाँटचे तुकडे बदलायचे. साध्या मजकुराच्या फायलीत फाँटची नोंदच नसते. तिथे माणसाने वाचूनच ठरवावं लागतं, आणि तो वेळ कामाच्या अंदाजात धरलाच पाहिजे. रूपांतरानंतर कुठलं चिन्ह किती वेळा आलं ते मोजा. इनुक्टिटुटच्या फायलीत १५७डी निघालं, तर ते तिथलं अक्षर नव्हे. चूक तिथेच आहे.

फक्त १४०० ते १६७एफ एवढीच कक्षा तपासू नका. पुरवणी चिन्हं २००९ मध्ये १८बी० पासून आली. २०२१ मध्ये आणखी १६ आली, त्यातली बहुतेक नात्सिलिंगमिउतुत या इनुइत बोलीसाठी. आपली अक्षरं संगणकात यावीत म्हणून त्या लोकांना इतरांपेक्षा बावीस वर्षं जास्त थांबावं लागलं. ती ११एबी० पासून आहेत, म्हणजे यूटीएफ-८ (युनिकोड क्रमांक बाइट्समध्ये साठवण्याची पद्धत) मध्ये चार बाइट्सची. मूळ चिन्हं देवनागरीसारखी तीन बाइट्सची असतात. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये जुना तीन बाइट्सचा 'यूटीएफ८' ठेवला असेल, तर नेमकी हीच अक्षरं नाकारली जातात किंवा मजकूर तिथेच तुटतो. डेटाबेसचा तक्ता (टेबल) 'यूटीएफ८एमबी४' करून घ्या, आणि डेटाबेसशी जोडणीची सेटिंगही तीच ठेवा.